तत्त्वतः शक्य

अलिबागच्या अष्टागरात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, पांढरा कांदा आहे, शनिवार-रविवारचे पाहुणे आहेत, आणि दर गावात एक तरी असा गृहस्थ आहे की ज्याला दिवा लावण्यापेक्षा दिव्याबद्दल बोलण्यात जास्त रस असतो. आमच्या नागावातले ते तत्त्वतःकाका. त्यांचं खरं नाव वीजबिलावर छापलेलं असतं. पण बिल काकूंच्या ताब्यात आणि ते भरतातही काकूच, त्यामुळे ते नाव सहसा कुणाच्या कानावर पडत नाही.

काकांची उभी नोकरी थळच्या खत कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला गेली. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, वाडी शिंपतात, नाहीतर ग्रामपंचायतीत अर्ज करत बसतात. काकांनी जगात कुठे कुठला दिवा तयार होतोय याची खबर ठेवण्याचं काम अंगावर घेतलं. पगार नाही, रजाही नाही.

नाव पडलं ते त्यांच्या एका वाक्यावरून. त्यांना काहीही विचारा. माडावर आपोआप चढून नारळ पाडणारं यंत्र होईल का? काका चष्मा कपाळावर सरकवतात, खिशातला टेस्टर काढून दोन बोटांत फिरवतात, आणि म्हणतात, "तत्त्वतः शक्य आहे." मग थोडं थांबून, "फक्त..." या 'फक्त'नंतर माणसानं बूड टेकावं, कारण पुढची वीस मिनिटं त्याची नसतात. एकदा माझ्या आत्यानं पुतण्याच्या लग्नाची काळजी बोलून दाखवली. मुलगा चाळिशीला आलेला, तिला धीराचे दोन शब्द हवे होते. टेस्टर फिरला. "तत्त्वतः शक्य आहे. फक्त..." आत्या तेव्हापासून वाट वाकडी करून जाते.

काकांच्या पडवीत पाय ठेवायला जागा मिळाली तर बघण्यासारखं पुष्कळ आहे. भिंतीला ओळीनं कंदील. कोपऱ्यात पितळी टाकीची गॅसबत्ती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ट्यूबचे स्टार्टर, चालू आणि बंद एकत्र, कारण "बंद आहे असं आपण समजतो." खाली ट्यूबच्या जुन्या चोका, तांब्याच्या वाइंडिंगच्या, एकेक किलोभर. काका त्या हातात देऊन वजन करायला लावतात आणि वजन केल्यावर माणसाच्या चेहऱ्याकडे बघतात. या सगळ्याच्या वर खारी हवा आपलं काम करत असते. किनाऱ्यावर पितळेचा स्क्रू वर्षभरात हिरवा होतो आणि लोखंडाचा तर नाव विसरतो. मधोमध, मऊ फडक्याखाली झाकलेली, ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीची पिक्चर ट्यूब. त्या ट्यूबला पाठ करून बसलेलं काकांना चालत नाही.

कारण काकांचा सध्याचा देव, म्हणजे फील्ड एमिशन दिवा, त्या ट्यूबचा चुलत भाऊ लागतो.

हे प्रकरण मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेत सांगेन. धातूच्या आत इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांना बाहेर पडायचं तर पृष्ठभागाशी एक अडथळा असतो. काका तो अडथळा वाडीच्या गडग्यावर दाखवतात. "आता हा गडगा धर. अलीकडे गुरं. टीव्हीच्या ट्यूबमध्ये काय करतात? गुरांना चटके देतात. फिलामेंट तापवायचं, की ती उड्या मारून पलीकडे. वीज जाते तापवण्यात. फील्ड एमिशनमध्ये गुराला हात लावायचा नाही. बाहेरून व्होल्टेजचा असा ताण द्यायचा की गडगाच पातळ होतो. उंची असते, पण जाडी राहत नाही. गुरं आरपार!" गुरं आरपार म्हणताना काकांचा हात खरोखरच गडग्यातून जाईल असं वाटतं. शेजारी मात्र त्या दिवसापासून आपला गडगा अधूनमधून तपासून बघतो.

थट्टा सोडा, भौतिकशास्त्र पक्कं आहे. १८९७ साली वुड नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं हा प्रकार डोळ्यांनी पाहिला आणि १९२८ साली फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी त्याचं गणित मांडलं. इलेक्ट्रॉन अडथळ्यावरून न जाता त्यातून जातो, हे पुंजभौतिकीचं अगदी सुरुवातीचं यश. अडचण एकच, ताण भयंकर लागतो. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाला काही व्होल्ट. सपाट पत्र्यावर तो आणायचा तर व्होल्टेजचा आकडा आवाक्यात राहत नाही. पण टोक अणकुचीदार असेल तर ताण आपोआप टोकापाशी गोळा होतो. मग १९९१ साली जपानच्या सुमिओ इइजिमांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या जगापुढे ठेवल्या, आणि चारच वर्षांत त्या नळ्यांतून इलेक्ट्रॉन काढूनही झाले. निसर्गात याहून अणकुचीदार टोक मिळणं कठीण. "बस," काका म्हणतात, "दिवा तिथेच तयार झाला. आता फक्त करायचा बाकी."

त्यांचा दिवा असा: काचेचा निर्वात बल्ब, मध्ये या नळ्यांनी मढवलेली तार, काचेला आतून फॉस्फरचा लेप. काही हजार व्होल्ट द्यायचे, थंडगार तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, फॉस्फरवर आपटतात, उजेड. पारा नाही, तापणारं फिलामेंट नाही, बटण दाबल्या क्षणी पूर्ण प्रकाश, हवा तेवढा मंद करता येतो, आणि रंग डोळ्यांना सुखावणारा. हे गुण खरे आहेत. काका खोटं कधीच बोलत नाहीत. खोटं बोलले असते तर इतका वेळ लागला नसता.

आता काकूंबद्दल. अशा प्रत्येक माणसाच्या मागे एक काकू असते आणि तिच्याकडे एकच प्रश्न असतो. काकूंनी घराच्या मागच्या चार खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली, मोदकांच्या ऑर्डरी घेतात, हिशेब वहीत. काकांचा दिवा गुणांच्या शिखरावर पोचला की माजघरातून आवाज येतो, "कितीला पडेल?"

या प्रश्नापुढे फाउलर आणि नॉर्डहाइम दोघंही गप्प बसतात.

पाहुण्यांचे हाल वेगळेच. एकदा डोंबिवलीचं जोडपं आलं होतं. नवरा रात्री पडवीत आला नि म्हणाला, "काका, बाथरूममधला दिवा जरा मंद आहे का?" मंद! काकांना उभ्या आयुष्यात कुणी इतका योग्य प्रश्न विचारला नव्हता. मी जेवून शतपावलीला निघालो तेव्हा गृहस्थ खुर्चीवर होता आणि १९२८ साल चालू होतं. परत आलो तेव्हा पिक्चर ट्यूबवरचं फडकं निघालं होतं. बायको दोनदा हाक मारून झोपून गेली. सकाळी त्या माणसानं काकूंना पैसे देताना विचारलं म्हणे, "हे दिवे कुठे मिळतील?" काकूंनी बिलातून चहाचे पैसे कमी केले.

काकांच्या घरातला उजेड मात्र कित्येक वर्षं जेमतेमच होता, आणि त्यालाही तत्त्व होतं. ट्यूब होत्या, चोका गुणगुणायच्या, पण सीएफएल आली तेव्हा त्यांनी ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. "पारा आहे तिच्यात. काही मिलिग्रॅम, पण आहे." हेही बरोबरच. त्याच पाऱ्यापायी जगानं पुढे २०१३ साली मिनामाता करार केला. मग एलईडी आले. काका म्हणाले, "हा मधला टप्पा आहे. मधल्या टप्प्यावर पैसे घालवायचे नसतात." आणि पुढच्या दिव्याची वाट बघत बसले, न्हाणीघरात शंभरचा पिवळा बल्ब लावून.

मधला टप्पा मात्र वाट बघायला तयार नव्हता. निळा एलईडी शोधणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल मिळालं. आपल्याकडे २०१५ च्या जानेवारीत सरकारची उजाला योजना सुरू झाली. घाऊक खरेदीत २०१४ साली एक एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. दोन-अडीच वर्षांत! कुठल्याही प्रयोगशाळेतल्या दिव्याचा याच्यापुढे निभाव लागत नाही. देशभर या योजनेतून छत्तीस कोटींवर बल्ब गेले, आणि त्यातले काही नागावात काकांच्या घरी.

त्याचं असं झालं, काका मुंबईला गेले होते, लोहार चाळीत. लोहार चाळ म्हणजे त्यांचं पंढरपूर. वायर, होल्डर, चोका, सगळं एका गल्लीत. सकाळी मांडव्याहून लाँच, संध्याकाळी परत. तेवढ्या वेळात काकूंनी बिलाची प्रत दाखवून बल्ब आणले, शेजारच्या पोराला स्टुलावर चढवलं आणि घरभर लावून घेतले. दिवेलागणीला काका फाटकात आले नि थबकले. घर लख्ख. ओटीवरच्या झोपाळ्याची कडी न कडी दिसत होती. काका काही बोलले नाहीत, हातपाय धुतले, जेवले. जेवताना भातातला खडा त्यांना आधी दिसला, तेव्हाही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात बिल बरंच कमी आलं. काकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा वर केला नि म्हणाले, "मीटर स्लो झालेला दिसतोय."

पण माणूस हाडाचा मेकॅनिक. शत्रू का होईना, घरात आल्यावर त्याची चौकशी करणारच. पहिला एलईडी बल्ब उडाला त्या दिवशी काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मुलगा दहावी पास झाला तेव्हाही नव्हता. "पन्नास हजार तास म्हणत होते ना?" त्यांनी सुरीच्या टोकानं बल्बचं दुधी टोपण हळूच उचकटलं. आत ॲल्युमिनियमची चकती, तिच्यावर पिवळ्या टिकल्या गोलाकार, सगळ्या एका माळेत जोडलेल्या. भिंग लावून एकेक टिकली बघत गेले. एकीवर मोहरीएवढा काळा ठिपका. "ही गेली म्हणून सगळी माळ गेली. बाकीच्या जिवंत आहेत." काळ्या टिकलीच्या दोन टोकांवर राळ लावली, कथलाचा थेंब टाकून दोन्ही टोकं जोडली. डावा हात खिशात. कारखान्यातली सवय, जिवंत लाइनजवळ एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका बसला तरी छातीतून जात नाही. होल्डरला लावलं, बल्ब पेटला. काकू बघायला आल्या होत्या. "उजेड एका टिकलीनं कमी," काका म्हणाले. "पण बघ, मेली ती टिकली. बहुतेक वेळा तर टिकल्याही नाही, आतला ड्रायव्हर मरतो. कपॅसिटर सुकतो, आपल्याकडे उन्हाळा, खारी हवा, व्होल्टेज वरखाली. पन्नास हजार तास टिकलीचे, बल्बचे नव्हेत."

हे त्यांचं म्हणणं मला अजून कुणी खोडून दाखवलेलं नाही. त्या दिवसापासून आळीतले उडालेले बल्ब काकांच्या पडवीत येऊ लागले. काका एलईडीला नावं ठेवत ठेवत ते दुरुस्त करतात आणि फुकट परत देतात. म्हणजे आमच्या आळीत एलईडीचं आयुष्य वाढवण्यात सगळ्यात मोठा हात एलईडीच्या कट्टर विरोधकाचा आहे.

फील्ड एमिशनच्या गोटातून येणाऱ्या बातम्या मात्र वाईटच होत्या. सोनीनं याच तत्त्वावरचे पडदे करायचा घाट २००९ साली सोडला. पुढच्या वर्षी कॅननही घरगुती टीव्हीपुरती माघार घेऊन मोकळी झाली. काकांनी दोन दिवस दाढी केली नाही. मी समजूत घालायला म्हटलं, "काका, यात काही तरी तांत्रिक दोष असेल." तर म्हणाले, "दोष कसला? परवडत नाही." मग आपणहूनच, टेस्टर न फिरवता, त्यांनी हिशेब मांडला. इलेक्ट्रॉन फॉस्फरवर आपटला की त्याच्या ऊर्जेतला फार तर चौथा-पाचवा हिस्सा उजेड होतो, बाकीची उष्णता. नऊ वॅटचा साधा एलईडी आज वॅटला शंभराच्या घरात ल्युमेन देतो. त्याच्याशी शर्यत आधीच हरलेली. वर हजारो व्होल्टचा पुरवठा प्रत्येक बल्बमागे. वर काच फुगवून वर्षानुवर्षं टिकेल असा निर्वात. निर्वात जरा बिघडला की उरलेल्या वायूचे आयन त्या अणकुचीदार टोकांवर मारा करून ती बोथट करतात. हे सगळं अडतीस रुपयांत? मी ऐकत राहिलो. जगात कुणालाही हा हिशेब काकांहून स्पष्ट मांडता आला नसता. मांडून झाल्यावर ते म्हणाले, "तरी तत्त्वतः..." आणि चहा आला.

या बाबतीत एक गोष्ट काकांच्या बाजूनं सांगायलाच हवी. ही विद्या वाया गेलेली नाही. आज चांगल्या प्रतीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात इलेक्ट्रॉनचा उगम म्हणून हेच अणकुचीदार टोक बसवलेलं असतं. कार्बनच्या नळ्यांवर चालणाऱ्या क्ष-किरण नळ्याही निघाल्या. जिथे माणूस लाखोंनी पैसे मोजायला तयार आहे तिथे ती चालते. जिथे काकू 'कितीला' विचारते तिथे नाही. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात जोग आणि मोरे यांच्या गटानं या विषयावर वर्षानुवर्षं संशोधन केलं, लॅन्थनम हेक्साबोराइडच्या टोकांपासून नाना पदार्थांवर शोधनिबंध लिहिले. काका ही दोन नावं अशी घेतात की ऐकणाऱ्याला वाटावं, मामेभाऊ असावेत. पुण्याला कधी गेलात का विचारलं तर म्हणतात, "त्यांच्या कामात व्यत्यय कशाला?"

पाहुण्यांना अलिबागला नेलं की किल्ला बाजूला राहतो. काका त्यांना चुंबकीय वेधशाळेच्या फाटकाशी उभं करतात. मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवत होती. मुंबईच्या घोड्याच्या ट्रामी विजेवर न्यायचं ठरलं, तेव्हा नानाभाई मूस यांनी ओळखलं की त्या विजेनं नोंदी नासणार. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, लोखंडाचा खिळा न वापरता, चुंबकत्व नसलेल्या दगडात. "म्हणजे बघा," काका डोंबिवलीकरांना सांगतात, "आमचं गाव विजेपासून पळून आलेल्या माणसांनी नावारूपाला आणलं." यावर सगळे हसतात. काका हसत नाहीत. अलिबागला लाइट वारंवार जाते त्याचा या इतिहासाशी संबंध असावा असा त्यांना संशय आहे.

लाइट खरी गेली ती ३ जून २०२० ला, निसर्ग वादळात. आमच्याकडे खांब आडवे, माड आडवे, पोफळी तर बागाच्या बागा झोपलेल्या. खाली श्रीवर्धन-म्हसळ्याकडे कित्येक आठवडे अंधार होता. त्या पहिल्या रात्री अख्खी आळी काकांच्या पडवीत आली. इतके कंदील, गॅसबत्ती, याहून योग्य वेळ कुठली? काकांनी कंदील उतरवले. काचा पुसल्या. वाती कापल्या. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की घरात रॉकेल नाही. गॅसबत्तीच्या मेंटलला तर बोट लागलं आणि ते राख होऊन पडलं. अंधारात माजघरातून काकू आल्या, हातात चार्जिंगचा एलईडी दिवा घेऊन, आणि तो शांतपणे टेबलावर ठेवला. कुणी काही बोललं नाही. काकांनीच त्याचा उजेड हातानं अडवून कुठपर्यंत पोचतो ते बघितलं आणि म्हणाले, "कोन बरा दिलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तो काकांनी दारातल्या मोटारीची बॅटरी काढून पडवीत आणलेली, तिला वायरी, आणि वायरींना पिना. पुढचे दिवस आळीतल्या सगळ्यांचे मोबाइल तिथे चार्ज झाले. पुण्या-मुंबईत, दुबईत बसलेल्या पोरांना "आम्ही बरे आहोत" हे त्याच पडवीतून कळलं. काका वहीत नावं लिहून नंबर लावत होते; कुणी आपला फोन मध्ये घुसवला तर टेस्टर दाखवत. इन्व्हर्टरवाल्या घरांतही काकाच, पाणी शिरलेल्या मीटरपाशीही काकाच. त्या दिवसांत फील्ड एमिशनचा उल्लेख एकदाही आला नाही. मला तर चुकल्यासारखं झालं.

अलीकडे त्यांना एलईडीवर नवा आरोप सापडलाय. आमच्या किनाऱ्यावर समुद्रात जनरेटर लावून प्रखर एलईडी पेटवतात, मासा उजेडाला गोळा होतो, जाळं ओढलं की लहान-मोठं सगळं साफ. २०१७ साली केंद्रानं यावर बंदी घातली, तरी रात्री समुद्रावर उजेड दिसतोच, आणि पारंपरिक मासेमारी करणारे कोळी त्याविरुद्ध भांडून दमलेत. म्हावरं घेऊन येणाऱ्या कोळणीला काका म्हणाले, "बघितलंस ना तुमच्या एलईडीनं काय केलं?" ती टोपली उतरवत म्हणाली, "काका, तुमचा तो दिवा आयला तरी म्हावरा त्याच्याकडंच जाईल ना?" काकांनी चष्मा वर केला. टेस्टर निघाला. ती मात्र बांगड्याचा भाव सांगून मोकळी झाली आणि काकूंशी घासाघीस सुरू झाली.

वाचकांपैकी कुणी नागावकडे येणार असेल तर एक विनंती. घरातले उडालेले एलईडी बल्ब कचऱ्यात टाकू नका, पिशवीत घालून घेऊन या. काका दुरुस्त करून देतील, पैसे घेणार नाहीत, फक्त तुमची संध्याकाळ घेतील. सीएफएल आणू नका. काका पाऱ्याला घरात घेत नाहीत, आणि खोली मिळणं न मिळणं काकूंच्या हातात आहे.